चांदवडचा काटा आणि ट्रेलरचं नाक

महेश्वरला जाऊन आलो. नर्मदेचा घाट डोळे निववणारा आहे, अहिल्याबाईंचा वाडा घाईत उरकू नये, आणि गर्दी नको असेल तर उजाडायच्या आत घाटावर उतरावं. महेश्वरबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते नाशिक ते चांदवड या पट्ट्याबद्दल, कारण तिथे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी, असे आम्ही निघालो होतो. दादाच्या स्कॉर्पिओमागे भाड्याने घेतलेला ट्रेलर. एकाच एक्सलचा, हलका, आत झोपायची सोय, मागच्या टोकाला ओटा आणि त्याखाली ७० लिटरची पाण्याची टाकी. बाहेर मागच्या बाजूला सायकलींचं स्टँड, त्यावर मुलांच्या दोन सायकली. ज्याने ट्रेलर दिला त्याने चमचेसुद्धा मोजून दिले, चादरींची यादी करून सही घेतली, टाकी काठोकाठ भरून दिली. सायकली स्टँडवर त्यानेच चढवल्या. वजन कुठे किती असावं याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. दादाने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "हलका आहे हो, मागे आहे हे कळणारपण नाही."

ओझर, पिंपळगाव मागे पडेपर्यंत खरंच कळलं नाही. वडाळीभोईच्या अलीकडे रस्ता किंचित उताराला लागला, वेग ८० च्या आसपास होता, आणि उजवीकडून एक लक्झरी बस सुसाट पुढे गेली. बसने ढकललेल्या हवेने आधी ट्रेलरची शेपटी डावीकडे गेली. बस पुढे सरकली तशी ती उजवीकडे ओढली गेली. एवढ्यावर थांबलं असतं तर काही नव्हतं. पण बस लांब गेल्यावरही ट्रेलर डोलतच राहिला, आणि प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा. आरशात कधी डावी खिडकी दिसायची, कधी उजवी. मग स्कॉर्पिओचं बूडही त्याच तालात हलायला लागलं. वहिनीने दोन्ही मुलांना घट्ट धरलं. मागच्या कांद्याच्या पिकअपवाल्याने वेग कमी करून अंतर ठेवलं, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे.

दादाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. ब्रेकला पाय लावला नाही. ट्रेलर तिरका असताना गाडीचे ब्रेक दाबले तर मागचं सगळं वजन गाडीला आडवं लोटतं आणि दोन्ही मिळून कात्रीसारखी घडी होते. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून झोला मारायला जावं तर आपला हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि झोल्याला आणखी जोर मिळतो. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि ते ड्रायव्हरच्या हाताशी असले, तर फक्त तेवढेच हलके दाबून तो सरळ करता येतो. आमच्या ट्रेलरला ब्रेकच नव्हते. वेग ५० वर आला तेव्हा झोले विरले.

चांदवडच्या अलीकडे रस्त्याला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणाऱ्यांचं दुकान दिसलं, तिथे थांबलो. मालक साठीचे. दादाने झालेलं सांगितलं. ते ट्रेलरपासून दहा पावलं लांब जाऊन बाजूने बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, नाक बघा की याचं, वर गेलंय. गाडी मागं उलाळ झालीय." त्यांनी चाकांना दगड लावायला लावले, ट्रेलर सोडवला आणि कपलरखाली, म्हणजे गाडीला जोडतात त्या पुढच्या टोकाखाली, हात घालून एका हाताने उचलला. अगदी सहज. "बैलगाडीत मागं ओझं भरलं की जू बैलाच्या मानेवरून उठतं. इथं मान तुमच्या गाडीची."

समोरच भुईकाटा होता. भरलेला ट्रेलर ६१० किलो भरला. मग त्यांच्या पोराने शेजारच्या खळ्यावरून कांद्याच्या गोण्या मोजायचा छोटा काटा आणला. त्यावर लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे कपलर गाडीला जोडल्यावर असतो त्याच उंचीवर राहील, आणि नाक अलगद त्यावर टेकवलं. २८ किलो.

हा आकडा वाचताना दादाचा चेहरा उतरला. अमेरिकेत अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन नाकावर असावं असं मानतात. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के सांगतात, पण तिथे कॅरॅव्हन ओढताना मोटरवेवरसुद्धा ताशी ६० मैलांची मर्यादा आहे. आमचं प्रमाण ५ टक्केही नव्हतं. नाक हलकं असलं की ट्रेलर एका ठरावीक वेगाखाली गपगुमान येतो. त्या वेगाच्या वर एखादा धक्का बसला, बसचा, आडव्या वाऱ्याचा, खड्ड्याचा, की झोले आपोआप विरत नाहीत, वाढत जातात. म्हणून पिंपळगावपर्यंत काही जाणवलं नाही.

टाकी रिकामी केली. ७० लिटर म्हणजे ७० किलो, तेही एक्सलच्या पार मागे. पाणी दुकानामागच्या लिंबाच्या झाडाला गेलं. सायकली आत घेऊन बरोबर एक्सलवर आडव्या बांधल्या. शेवटचं टोक हे जड सामानासाठी सगळ्यात वाईट ठिकाण, कारण तिथलं वजन एकदा झोल्यात गेलं की आवरत नाही. डाव्या टायरात हवा कमी निघाली, तीही भरून घेतली. मऊ टायर बाजूला दबतो आणि डोलण्याला मदत करतो. पुन्हा नाक काट्यावर ठेवलं. ७२ किलो. एकूण वजन आता ५४० होतं, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास. जोडल्यावर स्कॉर्पिओ मागून थोडी बसली आणि ट्रेलर जमिनीला समांतर आला. याहून जास्त भारही नको, नाहीतर गाडीची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड, किती भार पेलेल याचीही मर्यादा असते.

दादाने तिथूनच ट्रेलरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अँटी-स्वे बार बसवून घ्या, प्रश्न मिटेल." मला हे उत्तर मनापासून खटकलं. हा घर्षणाने काम करणारा बार झोल्याला आवर घालतो, बसच्या धक्क्याला तो उपयोगी पडतोच. पण चुकीचं भरलेलं सामान तो पुढे सरकवत नाही. बार लावून तोच ट्रेलर तसाच भरून पाठवायचा म्हणजे पुढच्या कुटुंबाला थोड्या जास्त वेगावर त्याच संकटात टाकणं. भाड्याने देणाऱ्याने चमच्यांच्या आधी नाकाचं वजन लिहून द्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघताना ते वेल्डिंगवाले काका म्हणाले, "पुढं राहुड घाट आहे. वरूनच खालचा गिअर टाका, उतारावर मागचं धूड गाडीला ढकलत असतं. अन् खाली पोचलात की मला फोन करा." तिसऱ्या गिअरमध्ये, ४० च्या वेगाने उतरलो. एक कंटेनर बाजूने गेला. ट्रेलर एकदा हलला आणि लगेच सरळ झाला. मी आरशातून नजर काढली नव्हती. घाट उतरताच काकांना फोन केला, त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

धुळे, शिरपूर, सेंधवा, सगळं ६५-७० च्या वेगाने, वाटेत दर थांब्याला कपलर आणि साखळ्या तपासत. उशीर झाला, मुलं कंटाळली, चालायचंच.

परतल्यावर ट्रेलर द्यायला मी मुद्दाम दादाबरोबर गेले. दोन्ही वजनं कागदावर लिहून त्या माणसासमोर ठेवली आणि टाकी एक्सलच्या पुढे घ्यायला सांगितलं. आधी म्हणाला आत्तापर्यंत कुणाची तक्रार नाही. मग भुईकाट्याची पावती हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. टाकी हलवतो म्हणाला, स्टँडही काढतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला माझं काम आहे, तेव्हा जाऊन बघणार आहे.