तुम्ही विचारलंत म्हणून: हेडफोनसाठी वेगळा ॲम्प घ्यावा का?

चांगला हेडफोन घेतला की पाठोपाठ हा प्रश्न येतोच: "याला ॲम्प लागेल का?" ॲम्प म्हणजे हेडफोनकडे जाणारा विजेचा संकेत जोरकस करणारं उपकरण. बहुतेकांसाठी माझं उत्तर "नाही" असं आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. हिशेब पाच मिनिटांचा आहे, तो स्वतः करा, आणि पैसे देण्याआधी करा.

ब्लूटूथवर ऐकत असाल तर प्रश्न इथेच मिटला. त्या हेडफोनचा ॲम्प त्याच्या आतच बसवलेला असतो, बाहेरून दुसरा जोडून काही साधत नाही.

वायरचा हेडफोन असेल आणि आवाज कमी पडत असेल, तर आधी सेटिंग तपासा. फोनमधली आवाजाची मर्यादा चालू राहिलेली असते. स्ट्रीमिंग ॲप सगळी गाणी एका पातळीवर आणण्यासाठी आवाज खाली खेचतं. इक्वलायझर लावताना प्रीॲम्प (त्यातली एकूण पातळीची पट्टी) उणे ६ डेसिबलवर ठेवलेला असतो, म्हणजे व्होल्टेज तिथेच निम्मं झालं. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल (पोर्टला हेडफोन जोडायचा तुकडा) बऱ्याच ॲंड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाही. दोष डोंगलच्या ताकदीचा नसतो, फोन त्याचा अंतर्गत व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही म्हणून तसं होतं. डोंगलमधल्या डॅकला (डिजिटल संकेताचा ॲनालॉग संकेत करणाऱ्या चिपला) थेट चालवणारं प्लेअर ॲप वापरलं की तोच डोंगल खणखणीत वाजतो.

एवढं करूनही कमी पडतं? मग हिशेब. नुसता इम्पीडन्स (हेडफोनचा विद्युतरोध, ओहममध्ये) पाहून "३०० ओहम आहे, ॲम्प लागणारच" असं ठरवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. इम्पीडन्सबरोबर संवेदनशीलता (दिलेल्या विजेवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो) पाहावी लागते, आणि ती दोन तऱ्हांनी छापतात: १ मिलिवॅटला किती डेसिबल, किंवा १ व्होल्टला किती डेसिबल. दोन्ही आकडे सरसकट शेजारी ठेवून तुलना केली की फसगत ठरलेली. आपल्याला व्होल्टचा आकडा हवा. मिलिवॅटचा दिला असेल तर त्यात ठरावीक भर घाला: १६ ओहमला १८, ३२ ला १५, ५० ला १३, ८० ला ११, २५० ला ६, ३०० ला ५, ६०० ला २. (सूत्रच हवं असेल तर: ३० मधून इम्पीडन्सच्या लॉगची दहापट वजा करायची.)

आता लक्ष्य. संगीतातल्या क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबल धरा, हे सढळ हाताने धरलेलं आहे. हेडफोनचा व्होल्टचा आकडा ११० ला जितका कमी पडतो, तितके डेसिबल व्होल्टेजने भरून काढायचे. ६ डेसिबलला व्होल्टेज दुप्पट, २० डेसिबलला दहापट.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स घ्या: ३८ ओहम, मिलिवॅटला ९९. व्होल्टला साधारण ११३ आले, म्हणजे ०.७ व्होल्टमध्ये काम झालं. १ व्होल्ट देणारा साधा डोंगलही पुरून उरतो. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा, १ व्होल्टला १०३. सव्वादोन व्होल्ट लागतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमवाला, मिलिवॅटला ९६: अडीच व्होल्ट. आणि हायफायमॅनचा एचई-६, फक्त ५० ओहमचा, पण मिलिवॅटला ८३.५: पावणेपाच व्होल्ट आणि जवळजवळ ९५ मिलिॲम्पिअर. इम्पीडन्स सहापट कमी असूनही हा एचडी ६५० पेक्षा कितीतरी जास्त मागतो, कारण त्याला विद्युतप्रवाहही भरपूर लागतो. डोंगल इथे हात टेकतो. अशा हेडफोनसाठी ॲम्प घ्या, त्यात वादच नाही.

मधल्या गटाचं, म्हणजे सव्वादोन-अडीच व्होल्टवाल्यांचं काय? एचडी ६५० ला १ व्होल्टच मिळाला तर शिखर १०३ डेसिबलवर थांबतं. आजच्या दाबून भरलेल्या पॉप गाण्यांत शिखर आणि सरासरी यांत जेमतेम १० डेसिबलचं अंतर असतं, म्हणजे सरासरी ९३ पर्यंत जाईल. इतक्या मोठ्याने तासन्तास ऐकूच नये. कामाच्या जागी ८५ डेसिबलला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, अशी शिफारस अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची आहे. सिंफनीसारख्या संगीतात मात्र हे अंतर २० डेसिबल किंवा त्याहून जास्त असतं, तिथे १ व्होल्ट कमी वाटू शकतो. तेव्हाही थेट टेबलावरच्या ॲम्पच्या ठोकळ्याकडे धावू नका, २ व्होल्टचा डोंगल आधी पाहा. २०२१ पासूनचा मॅकबुक प्रो असेल तर तेही नको: १५० ओहम आणि वरच्या हेडफोनला तो स्वतःच ३ व्होल्टपर्यंत देतो.

आवाज पुरतो, तरीही ॲम्प किंवा डोंगल बदलण्याचं एक खरं कारण उरतं: आऊटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पचा किंवा डोंगलचा स्वतःचा अंतर्गत विद्युतरोध. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. बॅलन्स्ड आर्मेचरच्या (कानात बसणाऱ्या, सूक्ष्म पत्री हलवून आवाज करणाऱ्या) इअरफोनचा इम्पीडन्स सुरासुराला बदलतो. समजा तो कुठे ८ ओहम आहे, कुठे ४०, आणि तुमच्या लॅपटॉपचा आऊटपुट १० ओहम. पहिल्या ठिकाणी ७ डेसिबल गळतात, दुसऱ्या ठिकाणी २. म्हणजे इअरफोनचा स्वरसमतोल ५ डेसिबलने वाकडा झाला, आणि आपण दोष इअरफोनला देतो. प्लॅनर (एचई-६ सारख्या, सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स सपाट असल्यामुळे त्यांचा स्वर याने बदलत नाही.

हे मोजता येतं. ५० हर्ट्झचा साइन टोन (एकाच सुराचा शुद्ध आवाज) लावा, ऑक्स वायरच्या मोकळ्या पिनच्या टोकाला आणि मुळाशी मल्टिमीटर एसी व्होल्टवर जोडा आणि आवाज अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणा, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर तापणार नाही. आकडा लिहा. मग त्याच दोन जागी ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा वाचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, १ वजा करा, ३३ ने गुणा. ०.५० चे ०.३८५ झाले तर आऊटपुट इम्पीडन्स जवळपास १० ओहम. रेझिस्टर काढून आवाज पूर्ण केलात आणि टोन शून्य डेसिबलचा (डिजिटल फाइलमधली कमाल पातळी) असला, की कमाल व्होल्टेजही कळतं.

घ्यायचंच ठरलं, तर खोक्यावरच्या "१००० मिलिवॅट" ला भुलू नका. किती ओहमला, ते वाचा. ३२ ओहमला १ वॅट म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट, तेवढ्याच व्होल्टेजवर ३०० ओहमला जेमतेम १०७ मिलिवॅट मिळतात (पुरेसे आहेत, पण ते १००० नव्हेत). आऊटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले ट्यूब (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनसाठी ठीक, प्लॅनरला लावू नका. संवेदनशील इअरफोनला मोठा ॲम्प लावलात तर शांत जागी सुस्स असा आवाज येईल, आणि व्हॉल्यूमची कळ तळाशीच राहिल्यामुळे डावा-उजवा कान असमान वाजेल. गेन (ॲम्प संकेत किती पट वाढवतो, ते) कमीवर ठेवून सुरुवात करा. घुंई ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली तर ती ग्राउंड लूपची (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची) आहे, ॲम्प निर्दोष.

आणि जुन्या-नव्याची तुलना करताना दोन्हीकडचं व्होल्टेज हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरने १ टक्क्याच्या आत जुळवा. एकीकडे आवाज थोडा जरी जास्त असला, तरी कान त्यालाच "जास्त मोकळा, जास्त खोल" म्हणतो. जुळवून झालं की अदलाबदल दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, कोणता चालू आहे ते तुम्हाला कळू न देता. वस्तू परत करायची मुदत संपण्याआधी.