रैन बसेऱ्याचं गेट रात्री किती वाजता बंद होतं?

इंदुरात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रैन बसेरा, म्हणजे बेघरांचा निवारा, असेल आणि रहवासी संघ 'तो इथून हलवा' असा अर्ज लिहायला बसला असेल, तर आधी एवढंच पाहून या: त्याचं गेट रात्री किती वाजता बंद होतं. सराफ्यातल्या रात्रीच्या दुकानांवर भांडी घासणारा, लग्नात केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जाणारा, सियागंजात ट्रक रिकामा करणारा हमाल, यांना मोकळं व्हायला एक-दोन वाजतात. दहाला कुलूप लागलं की ही माणसं शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर किंवा आपल्या खिडकीखाली बसतात. सकाळी तक्रार होते की रात्रभर टोळकं बसलेलं होतं. केंद्राच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात (२०१३) हे निवारे बाराही महिने, चोवीस तास चालावेत असंच ठरलेलं होतं. तेव्हा अर्जातली पहिली मागणी ही असू द्या: गेटवर रात्रभर माणूस हवा आणि उशिरा येणाऱ्याला आत घ्यायला हवं. आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवलेला माणूसही गल्लीतच झोपतो, हेही त्यात लिहा.

शेजाऱ्यांची भीती खोटी नाही. क्लासहून साडेनऊला एकटी परतणारी मुलगी, घरात एकट्या राहणाऱ्या आजी, यांना तिथून जाताना धाकधूक होते आणि ती मनावर घ्यायलाच हवी. पण धोका नेमका कुठे तयार होतो हे शोधलं नाही, तर मागणी भलतीकडेच जाते.

दुसरी गोष्ट जागेची. याच योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती. २० बाय ४० फुटांचा हॉल म्हणजे ८०० चौरस फूट, म्हणजे १६ माणसं. तिथे रोज ४० येत असतील तर २४ जण दाटीवाटीनं तरी झोपतील, नाहीतर बाहेर. दाटीत भांडणं होतात आणि ती बहुधा सामानावरून होतात. पिशवी उशाशी घेऊन झोपणाऱ्याला चोरीची भीती आपल्याइतकीच असते, कारण त्याचं सगळं घर त्या पिशवीत असतं. प्रत्येक खाटेमागे कुलूप लावता येईल असा एक पत्र्याचा डबा आणि चार-पाच खाटांमागे एक चार्जिंगचा बोर्ड दिला तरी रात्रीची आरडाओरड पुष्कळ कमी होते.

संडासाचा हिशेबही करून पाहा. ५० माणसं, ३ संडास, प्रत्येकाला ७ मिनिटं: सगळ्यांचं व्हायला जवळजवळ दोन तास लागतात. मजुरीला जाणाऱ्याला सकाळी लवकर नाक्यावर उभं राहायचं असतं, मग तो मागच्या भिंतीआड जातो. तिथे भिंतीवर देवांच्या टाइल्स लावून काही होत नाही. चौथा संडास आणि पहाटे चारपासून टाकीत पाणी, एवढाच इलाज आहे.

उजेडाबद्दल एक चूक सर्रास होते. लोक मोठा फ्लडलाइट मागतात. तो डोळ्यांवर येतो आणि त्याच्या कडेला अंधार आणखी गडद होतो. त्यापेक्षा गेटपासून कोपऱ्यापर्यंत खाली तोंड केलेले, कमी उंचीवरचे दोन-तीन दिवे बरे. लिंबाची फांदी दिव्याआड आली असेल तर ती छाटायची तक्रार 'इंदूर ३११' ॲपवर खांबाच्या फोटोसकट टाका. कॅमेरा गेटवर आणि रस्त्यावर असावा, झोपायच्या हॉलमध्ये किंवा बायकांच्या बाजूला मुळीच नको. दर पंधरा दिवसांनी त्याच्यावरची कोळिष्टकं पुसा. रात्री त्याचा इन्फ्रारेड उजेड जाळ्यावर पडला की चित्र पांढरंफटक दिसतं. घड्याळही तपासा. वेळ चुकलेली असेल तर चित्रीकरण पुरावा म्हणून लंगडं पडतं.

सगळ्यात कच्चा दुवा असतो रात्रीचा केअरटेकर. तो एकटाच असतो. कुणाला फिट आली आणि त्याला एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळात, न्यायचं म्हटलं, तर गेट कोण पाहणार? रात्री दहा ते सहा दोन माणसं हवीत, आणि पाळीवरच्या माणसाचा फोन नंबर गेटवर रंगवलेला हवा.

दारू पिऊन आलेल्याला हाकलणं हा सर्वात वाईट उपाय आहे. तो रस्त्यावर येतो आणि थंडीत जिवाला मुकू शकतो. त्याला केअरटेकरच्या नजरेसमोर, कुशीवर झोपवायचं. हाक मारून, हलवून उठत नसेल तर १०८. सोल्यूशन (पंक्चर चिकटवायचा गोंद) नशेसाठी हुंगणारी मुलं दिसली तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. मोठ्यांच्या बसेऱ्यात त्यांना ठेवायचं नसतं. प्रत्यक्ष मारामारी किंवा छेडछाड होत असेल तर ११२.

स्वतःशी बडबडत फिरणाऱ्या माणसाबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा बेवारस फिरणाऱ्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात नेणं हे पोलिसांचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. घरच्यांचा शोध घेणंही त्यांच्याकडेच. ठाण्यात गेलात तर कलमाचा नंबर सांगा.

तक्रारीत 'असामाजिक तत्त्वं' हा शब्द लिहू नका. त्यातून कुणालाच काही करता येत नाही. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, एवढं लिहा. त्यासाठी आठवडाभर दोन वेळा चक्कर मारा: रात्री साडेनऊ ते साडेदहा आणि पहाटे साडेचार ते सहा. झोपलेल्यांचे चेहरे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एमवायच्या आसपास झोपलेल्यांत धार, झाबुआ, खरगोनहून आलेल्या पेशंटचे नातेवाईकही असतात.

'हटवा' म्हटल्यावर काय होतं ते या शहरानं २९ जानेवारी २०२१ ला पाहिलं आहे. नगर निगमच्या (महापालिकेच्या) गाडीतून म्हातारी, बेघर माणसं भर थंडीत देवास रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ उतरवली गेली. गावकऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा त्यांना परत गाडीत चढवलं. त्या म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवतानाचा व्हिडिओ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

महिन्यातून एक बैठक ठेवा. बसेऱ्याचा मॅनेजर, बीटचा शिपाई, गल्लीतले दोघे आणि बसेऱ्यात राहणाऱ्यांपैकी दोघे, त्यांत एक बाई. शेवटचे दोघे सोडून बैठक घेऊ नका, रात्री दोनला दाराशी कोण उभं असतं ते त्यांनाच ठाऊक असतं. दिवाळीनंतरच्या बैठकीत रजया मोजून घ्या: खाटा जितक्या, तितक्या, शिवाय धुवायला गेलेल्यांच्या बदल्यात चौथा हिस्सा जास्त.