तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या दातांवरून प्राणी कसा कळतो?

मी जीवाश्मांवर काम करते म्हटलं की हमखास विचारलं जातं, "चार दात सापडतात आणि तुम्ही अख्खा प्राणी उभा करता. हा अंदाजच ना?"

अंदाज थोडा आहेच. कातडीचा रंग, शेपटीचा झुबका यांतलं काही दात सांगत नाहीत. पण तो प्राणी काय खायचा आणि कुणाच्या घराण्यातला होता, हे दात फार स्पष्ट सांगतात.

बेल्जियममधल्या डॉर्माल गावचा डॉर्मालोसायन घ्या. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, वजनाने किलोभराच्या आसपासचा मांसाहारी प्राणी. १९६६ साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते वरच्या जबड्याच्या फक्त दोन दाढांवरून. २०१४ साली त्याच ठिकाणच्या अडीचशेहून अधिक नव्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात बहुतेक दातच होते, आणि थोडी घोट्याची हाडं. घोट्याची ठेवण झाडावर चढणाऱ्या प्राण्याची निघाली.

एवढ्याशा प्राण्याची हाडं चावली जातात, तुडवली जातात, मातीत विरतात. दाताच्या एनॅमलमध्ये मात्र वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. शरीरात त्याहून कठीण काही नाही. खालचा जबडाही बऱ्यापैकी टिकतो. त्यातले दात पडून गेले असले तरी खोबणी उरतात, आणि कुठल्या दाताला किती मुळं होती ते त्यांवरून मोजता येतं.

आता घराण्याची खूण. कुत्रं चिवट तुकडा तोडताना मान तिरकी करतं आणि तो तुकडा गालाकडच्या दातांत धरतं, हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे त्याची कात्री असते: वरची चौथी उपदाढ (दाढांच्या पुढचे दात ते उपदाढा) आणि खालची पहिली दाढ, एकमेकींना घासून मांस कापणारी पाती. कुत्रा, मांजर, अस्वल, मुंगूस या सगळ्यांच्या पूर्वजांकडे कात्री याच जागी होती. त्याच काळात हायनोडॉन्ट नावाचे दुसरे मांसभक्षक होते. त्यांची कात्री जबड्यात आणखी मागे, दाढांमध्येच. म्हणून योग्य जागेचा एक दात हाती आला तरी पुष्कळ उलगडतं. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते, कारण कात्री पुढे असल्याने मागच्या दाढा मोकळ्या राहिल्या. अस्वलाने त्या चपट्या, रुंद केल्या आणि फळं-मुळं चिरडली. मांजराने त्या जवळजवळ टाकूनच दिल्या.

डॉर्मालच्या ढिगातले माझे सगळ्यांत लाडके नमुने मात्र दुधाचे दात. पिल्लाच्या तोंडातही कात्री असते, पण एक घर पुढे: दुधाच्या दातांतली वरची तिसरी आणि खालची चौथी उपदाढ. कायमची कात्री त्यांच्या मागे फुटते आणि ती कामाला लागल्यावरच दुधाची पडते, म्हणजे वाढत्या पिल्लाला मांस कापता येत नाही असा दिवस येतच नाही.

असा दुधाचा दात भिंगाखाली आला की मी आधी त्याचं मूळ बघते. मूळ झिजून गेलेलं असेल तर दात आपसूक पडला, पिल्लू पुढे जगलं. मूळ शाबूत असेल, तर ते पिल्लू बहुधा दात पडण्याआधीच गेलं.