ओकावा शाळा, इशिनोमाकी: 'अर्धा तास' म्हणजे कोणाचा अर्धा तास?

आपत्तीची जोखीम कमी कशी करायची हे शिकायला जे कोणी जपानमधल्या सेंदाईत येतात, त्यांच्या हातात पहिल्याच महिन्यात 'बघण्यासारख्या ठिकाणांचा' एक कागद पडतो. माझ्या कागदावर, २०११ च्या त्सुनामीत सापडलेल्या ओकावा प्राथमिक शाळेपुढे एवढंच लिहिलं होतं: इशिनोमाकी स्टेशनहून अर्धा तास. हा अर्धा तास स्वतःच्या गाडीचा आहे, आणि हे कागदावर कुठेच नव्हतं. पाय अजून बोलतायत, त्यामुळे पुढचा मजकूर थोडा कडू वाटला तर चालवून घ्या.

सेंदाई ते इशिनोमाकी सोपं आहे. सेन्सेकी-तोहोकु लाइनची गाडी साधारण तासाभरात पोचवते, भाडं हजार येनच्या आत. वाटेत नोबिरू लागतं. तिथलं स्टेशन त्सुनामीनंतर उंचावर हलवलंय आणि जुन्या इमारतीचं स्मारक केलंय. मी ते खिडकीतून पाहिलं, पुढे गेले. इशिनोमाकीहून काहोकुच्या हमरस्त्यावरच्या विश्रांतिस्थळापर्यंत बस मिळते. तिथून पुढे शाळा दहा किलोमीटरहून जास्त दूर, आणि कामाला येईल अशी बस नाही. मी चालत निघाले.

या पट्ट्याबद्दल नीट सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. रस्ता कितकामी नदीच्या काठाने जातो. बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा, आणि शेजारून मालाचे ट्रक. आडोसा नाही, दुकान नाही, पाणी भरायला जागा नाही. थंडीत वारा वायव्येकडून येतो, म्हणजे जाताना पाठीवर आणि परतताना थेट तोंडावर. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यानंतर या रस्त्यावर चालणं म्हणजे ट्रकवाल्याच्या नजरेवर जीव सोपवणं. नदीकाठचं वेतासारखं उंच गवत वाऱ्याने सळसळतं, त्याचा आवाज जपानच्या शंभर निवडक ध्वनींच्या सरकारी यादीत आहे म्हणे. पहिला तासभर मलाही तो आवडला.

एक मात्र खरं. वरच्या अंगाने चालत गेलं की कळतं, इथे समुद्र कुठेच दिसत नाही. नदीचं मुख शाळेपासून जवळजवळ चार किलोमीटरवर आहे. वाटेत शेतं, गवत, टेकड्या. इथल्या माणसाला 'लाट येईल' हे का पटलं नसेल, ते वर्गातल्या नकाशावर कळत नाही. तरीही चालत जाऊ नका.

शाळेच्या विटा-काँक्रीटचा सांगाडा तसाच ठेवलाय. ११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना मैदानात आणलं. इथवर सगळं शिस्तीत. मग जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं मैदानातच उभी होती. महापालिकेची गाडी लाउडस्पीकरवरून इशारा देत गेली. शेवटी निघाले ते पुलाच्या टोकाजवळच्या किंचित उंच जागेकडे, म्हणजे नदीच्याच दिशेने. लाट नदीतून वर चढून आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले.

आणि मैदानाला लागून डोंगर आहे. मुद्दाम जाऊन बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका. तिसरीची मुलं या डोंगरावर शिताके अळंबी लावायला जायची. जिथे आठ-नऊ वर्षांची पोरं शाळेच्या वेळात चढत होती, तिथे त्या दिवशी कोणी नेलं नाही. पडलेली झाडं, घसरण, आसऱ्याला आलेली म्हातारी माणसं, अशी कारणं चर्चेत होती म्हणतात. मैदानात उभं राहून ती कारणं मनात म्हणून बघितली. त्यातलं एकही मूर्खपणाचं वाटलं नाही, म्हणूनच जास्त त्रास झाला.

खरी शिकवणी शाळेच्या आपत्ती नियमावलीत आहे. त्सुनामी आली तर कुठे जायचं, यापुढे लिहिलं होतं: 'जवळची मोकळी जागा, बाग इत्यादी'. आता आजूबाजूला पाहा. त्या मजकुराला लागू पडेल अशी उंचावरची मोकळी जागा इथे नाही, बागही नाही. कागद पूर्ण, सही-शिक्का सगळं, आणि त्यात जाण्याचं ठिकाणच नाही. धोक्याच्या नकाशातही शाळा बुडणाऱ्या भागाच्या बाहेर होती, उलट आसपासच्या लोकांना आसरा म्हणून तीच नेमलेली होती. पालक कोर्टात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवलं की चूक त्या दुपारच्या आधीची आहे: नकाशा काहीही म्हणो, शाळेने आणि शिक्षण मंडळाने आपल्या जागेचा धोका स्वतः तपासायला हवा होता, नियमावली दुरुस्त करायला हवी होती. २०१९ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. भरपाई १४० कोटी येनांहून जास्त.

वर्गात आम्ही सेंदाई आराखडा, म्हणजे आपत्तीची जोखीम कमी करण्याचा जागतिक आराखडा, घोकतो. मार्च २०१५ मध्ये याच शहरात झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत तो मंजूर झाला, २०३० पर्यंतचा आहे, त्यात सात उद्दिष्टं आणि चार प्राधान्यक्रम. पहिला प्राधान्यक्रम 'धोका समजून घेणे'. परीक्षेत हे लिहून गुण मिळतात. ओकावाला धोक्याचा नकाशा होता, नियमावली होती, रेडिओ होता, शिस्त होती. आराखड्यातल्या चौकटींवर खुणा करत गेलं तर बऱ्याच भरतील. माझं स्पष्ट मत: ज्याने ही जागा पाहिली नाही त्याने आपत्ती व्यवस्थापनाची नियमावली लिहायला बसू नये.

आता परतीचं. शाळेबाहेर टॅक्सी उभी नसते, फोन करून बोलवावी लागते, बोलवण्याचे वेगळे पैसे लागतात, आणि तुम्ही 'पाच मिनिटं थांबा हं' म्हणालात तर मीटर थांबत नाही. इशिनोमाकी स्टेशनपर्यंत मला नऊ हजार येनच्या आसपास पडले. चालकाने फसवलं नाही, दर आहेतच तसे. पण शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या माणसाला अर्ध्या तासासाठी हा फटका जबर आहे, आणि कागद बनवणाऱ्याला एक ओळ जास्त लिहायला काय झालं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यामुळे चौघं जमवा आणि इशिनोमाकीतून गाडी भाड्याने घ्या. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो, पण तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतूनच काढावा लागतो. इथे आल्यावर हात चोळत बसाल. वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे सवयीचा प्रश्न नाही. बर्फाच्या दिवसांत मात्र, बर्फावर चालवलेली नसेल तर चाक हातात घेऊ नका.

त्याच दिवशी कादोनोवाकी शाळा करा, ही सक्ती समजा. तीही इशिनोमाकीतच, स्टेशनहून चालत जाण्याजोगी. तिच्याही मागे डोंगर, हियोरीयामा. तीच दुपार, तोच भूकंप. शाळेत असलेली मुलं शिक्षकांबरोबर डोंगरावर गेली आणि वाचली; इमारत त्सुनामीने आणलेल्या आगीत जळली, ती २०२२ पासून बघायला खुली आहे. आधी कादोनोवाकी, मग ओकावा, हा क्रम ठेवा. उलट केलात तर दुसऱ्या शाळेत काही डोक्यात शिरणार नाही.

बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. सेंदाईतली आराहामा शाळा सगळ्यात सोपी: तोझाई मेट्रोने आराई, तिथून बस. समुद्रापासून जेमतेम सातशे मीटर, ३२० माणसं इमारतीतच वर चढून वाचली. छान मांडलंय, जरूर जा, पण तिथे जाऊन 'सगळं समजलं' असं वाटतं, तो भास आहे. मिनामीसानरिकुला रेल्वेरुळांच्या जागी बस धावते. तिथला आपत्ती निवारण कार्यालयाचा लाल सांगाडा पाहताना लक्षात ठेवा की तो तीन मजले उंच होता आणि पाणी त्याच्या छतावरून गेलं. तारो गावाची त्सुनामी अडवायला बांधलेली दहा मीटर उंच भिंत बघायला मियाकोपर्यंत जायचं का? अभियांत्रिकीवाल्यांनी जावं. २.४ किलोमीटर लांब, जगात गाजलेली, आणि लाट तिच्यावरून गेली. इतरांना वाटेतल्या नव्या भिंती पुरेत. गावात उभं राहून समुद्र दिसत नाही, भरवसा किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. कोबेचं भूकंपाचं संग्रहालय म्हणजे निवांत दिवस आहे, कोणीही करू शकतो. आणि ती भूकंपाचा अनुभव म्हणून हलवून दाखवतात ती खोली: हसू येतं, फोटो येतात, शिकायला शून्य. खरा धक्का वसतिगृहात बसेलच. त्यासाठी फोनमध्ये सूचना देणारं ॲप इंग्रजीत लावून ठेवा, नाहीतर रात्री तो भोंगा कशाचा हेच कळणार नाही.

ओकावाला शक्य असेल तर माहिती सांगणारी व्यक्ती आधी ठरवून जा. सांगणाऱ्यांत मुलं गमावलेले आईबाप आहेत. बहुतेक जपानीतच बोलतात, म्हणून चांगलं जपानी येणारा कोणीतरी बरोबर हवाच; फोनवरच्या भाषांतरावर हे काम सोडू नका. प्रश्न विचारा, त्यांना चालतं, उलट हवं असतं. फक्त 'तुम्ही तेव्हा कुठे होता' हा पहिला प्रश्न नको. सेल्फी काढणारा सोबती असेल तर त्याला कोबेला पाठवा. पाणी, टोपी, वाऱ्याचं जाकीट आणि खाणं इशिनोमाकीतच घ्या. स्मारकाच्या सुट्टीचा वार आदल्या दिवशी बघून ठेवा, आणि टॅक्सीनेच जायचं ठरलं तर परतीची वेळ जातानाच चालकाशी पक्की करा.