टांगाईलचं कपाट: पावसाळ्यानंतरची नोंद

दापोलीतला पाऊस ओसरला, माझ्या लष्करी बिल्ल्या-टोप्यांच्या संग्रहाच्या ट्रंका उघडल्या. एका पट्ट्याला बुरशी, बाकी माल सुखरूप.

यंदाची भर म्हणजे उजव्या बाहीवरचा पंखांचा बिल्ला, पॅराचा, म्हणजे विमानातून छत्रीनं उतरणाऱ्या सैनिकांचा. खाकी कापडावर फिकट निळे पंख, मधे पांढरी छत्री. विकणारा छातीठोक सांगत होता, ‘१९४४ चा आहे, सांगशाकच्या उडीतला!’ अहो, मणिपुरात सांगशाकला ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड लढली खरी, पण जमिनीवरून. हवेतून तिथं कुणी उतरलंच नव्हतं. हे ऐकवल्यावर भाव निम्म्यावर आला. भरतकाम सुरेख होतं, घेतला.

घरी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. पांढरा धागा लख्ख निळा चमकला. असा चमकणारा धागा सहसा युद्धानंतरचा समजतात, पण नुसत्या चमकण्यावर निकाल देऊ नये. आजच्या धुण्याच्या पावडरीत घातलेलं जुनं सुतीही तसंच चमकतं. म्हणून मागच्या बाजूचा सुटलेला टोकाचा धागा चिमट्यात धरून पेटवला. सुती असता तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राख. इथं वितळून काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टर! हा धागा बाजारात आला युद्धानंतर, म्हणजे महायुद्ध बाद.

मला उलट बरंच वाटलं. माझं कपाट १९७१ च्या बांगलादेश युद्धाचं आहे. ११ डिसेंबरला २ पॅरा (मराठा), म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, बांगलादेशातल्या टांगाईलजवळ छत्रीनं उतरली, लोहजंग नदीवरचा पुंगली पूल घेतला आणि १६ तारखेला ढाक्यात शिरली. हा बिल्ला त्या उडीतला आहे असं मी म्हणणार नाही, पण त्या कप्प्यात तो शोभतो.

ही बटालियन म्हणजे मूळची ३/५ मराठा, म्हणजे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. आपल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ते छत्रीवाले नव्हेत. बटालियन पॅराशूटची झाली युद्धानंतर, आणि २ पॅरा हे नाव १९५२ चं. घाडग्यांच्या नावानं छत्रीवाल्यांची मरून टोपी विकायला आली, तर समजून जा.

साठवणीचं थोडक्यात: डांबरगोळ्या आणि कापूर एका ट्रंकेत नकोत, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर डाग पडतो. पितळी बिल्ल्यामागे धुतलेल्या मलमलीचा तुकडा घाला, नाहीतर खाऱ्या हवेत हिरवा थर थेट लोकरीत उतरतो. सिलिका जेल गुलाबी झालं की मंद तव्यावर परतायचं, पुन्हा निळं होतं. तवा वेगळा ठेवा; आमच्याकडे यावरून सौंचं बोलणं खाऊन झालंय.

आता शोध १९७० च्या आसपासच्या मरून बेरे टोपीचा, आतला शिक्का वाचता येईल अशा. बदल्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे पितळी बिल्ले देईन. टोपी घालून काढलेले फोटो मात्र पाठवू नका, नुसती आतली बाजू दाखवा.