हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात

अपघाताच्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेले असते: "वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून." सोलापूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात हवालदार म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले आहे की, पहिला शब्द उमटला की पुढचे बोटेच पूर्ण करतात. दुसरे वाहन नसेल आणि चालक स्वतःच मरण पावला असेल, तर त्यापुढे "स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला" एवढे जोडायचे, मयतालाच आरोपी करायचे आणि आरोपी हयात नाही म्हणून यथावकाश न्यायालयात अबेटेड समरी पाठवून प्रकरण संपवायचे, अशी पद्धत आहे. यंदाच्या जानेवारीअखेर अशाच एका प्रकरणाचे कागद माझ्या हातात होते. त्या दिवशी जे घडले ते लिहून ठेवावे असे फार दिवस मनात आहे.

जानेवारी हा रस्ता सुरक्षा अभियानाचा महिना असल्यामुळे त्या दिवशी सकाळी एका कनिष्ठ महाविद्यालयात माझे व्याख्यान ठेवले होते. हेल्मेट, परवाना, तिघांनी एका दुचाकीवर न बसणे, हे सगळे मी सांगितले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली, म्हणजे दिवसाला सरासरी 462, आणि त्यांतील 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती, हेही सांगितले. मग भौतिकशास्त्राच्या सरांनी फळ्यावर गणित मांडले. ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. ताशी 30 च्या वेगाने आदळणे म्हणजे साडेतीन मीटरवरून, फार तर पहिल्या मजल्यावरून. मुले गप्प झाली. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्या दोन ओळींचा परिणाम अधिक झाला, हे मी मान्य करते.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि भिंतीवरच्या फलकाकडे हात करून म्हणाली, "मॅडम, तिथं 'शून्य मृत्यू' लिहिलंय. खरंच शून्य होईल का?" मी तिला जे मनात होते तेच सांगितले. "नाही होणार. माणूस आहे तोवर चूक होणार, आणि चूक होणार तोवर कोणी ना कोणी मरणार. आपण ते कमी करू शकतो." मुलगी खाली बसली, सरांनी आभार मानले, आणि मी ठाण्यात येऊन सुरुवातीला सांगितलेल्या त्या प्रकरणाची फाइल उघडली.

ती घटना सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली. शहरात गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरला होता आणि रात्री उशिरापर्यंत गावाकडे परतणाऱ्या वाहनांची वर्दळ होती. 26 वर्षांचा एक तरुण अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रमागावरची पाळी संपवून मोटारसायकलवरून गावी निघाला होता. शहराबाहेर पडल्यावर लागणाऱ्या एका दुपदरी रस्त्यावर, वळण संपते तेथेच असलेल्या मोरीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावरून, तो गाडीसह ओढ्यात पडला. खोली नऊ फूट, आणि खाली पाणी नव्हते, दगड होते. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच तो गेला होता. हेल्मेट डोक्यावर होते आणि त्याचा पट्टाही लावलेला होता. मार मानेला आणि छातीला होता. खिशात परवाना होता, आणि शवविच्छेदनात दारूचा अंश आढळला नाही. सकाळी मुलांना जे जे पाळायला सांगितले होते, ते सारे या मुलाने पाळले होते.

अकस्मात मृत्यूची चौकशी माझ्याकडे आली. घटनास्थळाचा पंचनामा करताना टेप धरून मोजमाप घेतले, तेव्हा मोरीपाशी डांबर संपून रस्ता एकदम दीड मीटरने अरुंद होतो हे ध्यानात आले. अलीकडेच रस्त्याचे रुंदीकरण आणि डांबरीकरण झाले होते, पण मोरी जुन्याच रुंदीची राहिली होती. डांबराचे थर एकावर एक चढत गेल्यामुळे डाव्या बाजूच्या दगडी कठड्याची उंची वीतभर उरली होती, आणि उजव्या बाजूचा कठडा कुठल्याशा उसाच्या ट्रॉलीने पाडल्यानंतर पुन्हा बांधलाच नव्हता. पांढरा पट्टा नाही, रेडियम नाही, पुढे अरुंद मोरी आहे असे सांगणारी पाटी नाही. पूर्वी खड्ड्यांमुळे तेथे कोणी जोरात जाऊच शकत नसे. रस्ता गुळगुळीत झाला आणि वेग वाढला. मुलगा पडला तेव्हा समोरून उसाने भरलेला, टपावर एलईडीचा प्रखर दिवा लावलेला ट्रॅक्टर येत होता, असे शेजारच्या रानात रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने जबाबात सांगितले. समोरचा उजेड डोळ्यांत गेल्यावर माणूस आपसूक रस्त्याच्या कडेला सरकतो, आणि येथे तर कडच नव्हती.

आमच्या ठाण्याच्या दैनंदिनीत याच मोरीची आणखी एक नोंद होती, आणि तीही माझ्याच हस्ताक्षरातली. दिवाळीनंतर एक स्कूटरवाला तेथे पडला होता. त्याचा हात मोडला, तक्रार नको म्हणाला, मी नोंद केली आणि विषय संपवला. त्या दिवशी रस्त्याचे काम पाहणाऱ्या विभागाला मी चार ओळींचे पत्र लिहायला हवे होते, ते लिहिले नाही. न लिहिण्याचे कारण माझ्यापुरते सरळ होते. राष्ट्रीय महामार्गावरील अपघातप्रवण स्थळाची, म्हणजे ब्लॅक स्पॉटची, व्याख्या अशी की, 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत, किंवा दहा माणसे मरावीत. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग नव्हता, तरी आम्ही तोच हिशेब डोक्यात ठेवून चालतो. एका मोडलेल्या हातासाठी कोण पत्र लिहितो?

ही व्याख्या वाईट हेतूने केलेली नाही. निधी थोडा आणि धोक्याच्या जागा पुष्कळ असताना कोठून सुरुवात करावी, हे ठरवायला काही मोजमाप लागतेच. पण ते हातात धरून आम्ही शिपायापासून अभियंत्यापर्यंत सगळेच वाट पाहायला शिकलो आहोत.

दुपारी मी फिर्याद तयार केली. अशा प्रकरणात सरकारतर्फे फिर्यादी चौकशी करणारा अंमलदारच असतो, म्हणजे मीच. भारतीय न्याय संहितेची कलमे 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि 106 (निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे) घातली, ठरलेले वाक्य लिहिले, ठाणे अंमलदारांनी गुन्हा नोंदवला. साडेचार वाजता मुलाचे वडील विम्याच्या कागदांसाठी आले. व्यवसायाने गवंडी, बोटांच्या पेरांमध्ये सिमेंट कायमचे बसलेले. त्यांनी प्रत हातात घेतली आणि उभ्याउभ्याच, ओठ हलवत, अक्षर अक्षर वाचली. मग विचारले, "मॅडम, यात आरोपी म्हणून माझ्या पोराचंच नाव हाय?"

पद्धत तशी आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत, रडले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरगं भरधाव नव्हतं, मॅडम. त्याच्या गाडीची चेन ढिली होती. चाळीसच्या वर गेली की खडखडायची, म्हणून तो पळवतच नव्हता." गाडीची तपासणी झाली होती आणि अहवालात चेन ढिली असल्याचे लिहिलेही होते. तो अहवाल माझ्या फाइलमध्ये असताना मी "भरधाव वेगात" लिहिले होते.

त्या एका शब्दाचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. चालक स्वतःच्याच चुकीने मेला असे ठरले की, त्याच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून भरपाई मिळणे फार अवघड होते. शिवाय कारणाच्या रकान्यात "चालकाची चूक" लिहिले गेले की मोरी निर्दोष सुटते, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीही ती तेथेच, तशीच असते.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण वर्गात स्वीडनबद्दल ऐकले होते, ते मला तेव्हा आठवले. त्या देशाच्या संसदेने 1997 मध्ये रस्त्यावरील मृत्यू शून्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, हे त्यांनी पहिल्या ओळीतच मान्य केले; म्हणजे सकाळी मी त्या मुलीला दिलेल्या उत्तराचा पूर्वार्ध त्यांचाही आहे. पण त्यापुढे त्यांनी "म्हणून कोणीतरी मरणार" असे म्हटले नाही. चूक होणार हे धरूनच रस्ता असा बांधायचा की चुकणारा जिवंत घरी जाईल, असे ते म्हणाले. समोरासमोर येणाऱ्या वाहनांच्या मध्ये त्यांनी तारांचे अडथळे घातले, चौकांच्या जागी वर्तुळे केली, वस्तीत वेग 30 वर आणला. तेव्हा वर्षाला पाचशेहून अधिक माणसे मरत होती, अलीकडे दोनशे ते अडीचशेच्या दरम्यान मरतात. इतक्या वर्षांत तेथेही शून्य झालेले नाही, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. फिनलंडमधील हेलसिंकी शहरात मात्र जुलै 2025 पर्यंतच्या पूर्ण वर्षात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. जवळपास सात लाख वस्तीचे ते शहर आपल्या सोलापूरपेक्षा लहान आहे, आणि तेथे आपल्याएवढ्या दुचाकी नाहीत, हेही खरे. म्हणून सोलापूर जिल्ह्यात माझ्या नोकरीच्या काळात शून्य होईल, असे मी आजही कोणाला सांगणार नाही.

पण शून्य आपल्याला अनोळखी आहे असेही नाही. कोजागरीला लाखो भाविक सोलापुरातून तुळजापूरला रात्रभर पायी जातात. त्या वेळी आम्ही त्यांना "जपून चाला" एवढे सांगून थांबत नाही. महामार्गच वाहनांसाठी बंद करतो आणि वाहतूक दुसरीकडून वळवतो. रस्त्यावर लहान मुले असतात, थकून कडेला झोपलेली म्हातारी माणसे असतात, नाचणारी पोरे असतात. ती सगळी शिस्तीने चालतील अशी आमची अपेक्षाच नसते. ब्रॉडगेज मार्गांवरची मानवरहित फाटकेही अशीच संपली. "थांबा, पाहा, जा" या पाट्या कित्येक वर्षे होत्या आणि माणसे मरत राहिली. रेल्वेने जानेवारी 2019 पर्यंत ती फाटकेच काढून टाकली, कोठे माणूस नेमला, कोठे भुयारी मार्ग केला, तेव्हा ते मरण थांबले. कोजागरीच्या बंदोबस्तात मी स्वतः अनेकदा उभी राहिले आहे, आणि तरीही सकाळी मला यांतले काही सुचले नाही.

शून्य हा आकडा गाठता येईल की नाही, यापेक्षा तो उद्दिष्ट म्हणून धरल्यावर कामाला कधी लागायचे, हे माझ्या खात्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. दहा मृत्यू हे मोजमाप असेल तर त्या मोरीला अजून नऊ माणसे हवी आहेत. शून्य हे मोजमाप असेल तर दिवाळीनंतरचा तो मोडलेला हातच पुरेसा होता.

संध्याकाळी वरिष्ठांची परवानगी घेऊन मी मुलाच्या वडिलांना बरोबर घेतले आणि मोरीवर गेले. सूर्य मावळत होता, उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याकडे चालल्या होत्या, आणि प्रत्येक ट्रॉली आली की आम्हाला शेतात उतरून उभे राहावे लागत होते, इतकी ती जागा अरुंद होती. मुलगा पडला ती जागा त्यांनी पाहिली. मग ते वाकले, उरलेल्या कठड्यावर हात फिरवला, दगडांमधला चुना नखाने खरवडला आणि पावलांनी लांबी मोजली. दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट, तीन फूट उंची, सव्वा फूट जाडी; दगड तर ओढ्यातच पडलेला आहे, असे ते बोलत गेले. दोन गवंडी, तीन बिगारी, दोन दिवस. मला म्हणाले, "मी करून दिलं तर चालंल का?" चालणार नाही, असे मला सांगावे लागले. सरकारी रस्त्यावर परस्पर बांधकाम करता येत नाही. ते सांगताना मला जे वाटले ते येथे लिहून काही हलके होणार नाही.

ठाण्यात परतल्यावर मी दोन कागद केले. पहिले पत्र रस्त्याच्या विभागाला, प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ते कलम मी आजवर एकाही कागदात लिहिलेले नव्हते. त्या दिवशी त्याचा उल्लेख करून तांत्रिक अभिप्राय मागितला. अभिप्राय अजून यायचा आहे. मोरीवर सध्या ग्रामपंचायतीने वाळू भरून ठेवलेली चार पिंपे आहेत, त्यांना आम्ही रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, आणि रात्रगस्तीला मी गाडी तेथे थांबवून त्या पुसून घेते, कारण उसाच्या धुळीने त्या चार दिवसांत मळतात.

दुसरा कागद पुरवणी जबाबाचा. नोंदवलेली फिर्याद मला बदलता येत नव्हती, पण तपासात जबाब वाढवता येतो. मुलाच्या वडिलांनी चेनबद्दल जे सांगितले ते आणि मोरीवर जे मोजले ते, गवंडी म्हणून त्यांच्या अनुभवासह, मी त्यांच्याच शब्दांत उतरवले. शेवटी नेहमीप्रमाणे "वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे" ही ओळ टाकली आणि त्यांना सगळा मजकूर वाचून दाखवला. दोन्ही कठड्यांना अंदाजे सात पोती सिमेंट लागेल, या वाक्यावर त्यांनी मला थांबवले.

"सहा लिवा, मॅडम. सहात होतंय."

मी सातचा आकडा खोडून सहा केला, शेजारी सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.