ब्लेझर, नमुना चौथा: लॅपल टेकली एकदाची!

माझ्या ब्लेझरचा मांजरपाटातला चौथा चाचणी नमुना अंगावर चढवला आणि लॅपल (कॉलरखालची दुमडलेली बाजू) छातीवर निपचित पडली. आधीचे फोटो पाहून ज्यांनी "एक माप मोठं घे" म्हणून सुचवलं होतं, त्यांच्यासाठी: घेतलं होतं. खांदे ओघळले आणि लॅपलखाली दोन बोटं तशीच जात राहिली.

मूळ दुखणं असं, की पेपर कटिंग पुरुषी कोटाचं. पुढचा भाग जवळपास सपाट, उभाराला जागाच नाही. मग बटणाशी कापड ताणतं आणि रोल लाइन (लॅपल जिथे दुमडते ती रेष) धनुष्यासारखी बाहेर येते. तिसऱ्या नमुन्यात छाती वाढवून बगलेत डार्ट (आकारासाठी शिवलेली निमुळती चिमटी) घातला. बसला झकास, पण कोट कसला, कॉलरवाला ब्लाउज! ज्या सरळ पडण्यासाठी हा उपद्व्याप मांडला, तेच गेलं.

तीच जागा आता गळ्यात फिरवली. बगलेचा डार्ट मिटवला, गळ्याच्या रेषेतून नवा उघडला. रोल लाइनला साधारण समांतर, टोक छातीच्या बिंदूच्या ४ सेंमी अलीकडे. वरून लॅपल पडते, डार्ट दिसतच नाही. कॅनव्हासमध्ये (कोटाला आतून आधार देणाऱ्या कापडात) तोच डार्ट शिवला नाही, कापूनच काढला. कडा भिडवून, खाली पट्टी ठेवून झिगझॅग मारला. शिवला असता तर कापडावर वळ उठला असता. शेवटी रोल लाइनच्या आत १ सेंमीवर टेप, रेषेपेक्षा ८ मिमी आखूड, सगळी ओढ छातीजवळच्या भागात.

मग न राहवून लोकरीवर कात्री चालवलीच. डाव्या लॅपलचं पॅड स्टिचिंग, म्हणजे कॅनव्हास हाताने टाचणं, झालंय: टोकाशी बारीक टाके, रोल लाइनकडे मोठे. लॅपल तर्जनीवर वळवून धरायची आणि टाका घालायचा. सोडली की आपसूक वळते. मी उगाच दहादा सपाट करून पाहिली. फ्युजिंगवाल्यांनी (कॅनव्हासऐवजी इस्त्रीने चिकटणारं कापड वापरणाऱ्यांनी) रागावू नये, पण हा गोलवा चिकटवून येत नाही. कॅनव्हास मात्र हातात घेऊनच घ्या. ऑनलाइन मागवलेला माझा पहिला तुकडा निव्वळ पुठ्ठा होता, वर वाफेने आटलाही.

खांद्याचं पॅड पातळच. ऐंशीच्या दशकातल्या पॉवर सूटचे रुंद, भरलेले खांदे मला नकोत.

ठरलं होतं दोन बटणं, पुरुषी पद्धतीने डावी बाजू वर. पण लिहिता लिहिता डोक्यात किडा वळवळतोय: एकच बटण, कमरेशी, आणि लॅपलला साटिन. १९६६ मध्ये फ्रेंच डिझायनर इव्ह साँ लोराँने बायकांसाठी 'ल स्मोकिंग' सूट काढला, तेव्हा त्यानेही पुरुषांचा टक्सिडो (साटिनच्या लॅपलचा समारंभी सूट) बाईला जसाच्या तसा चढवला नव्हता. साटिन ठेवलं, कोट बेतला बाईच्या अंगाप्रमाणे. मी गळ्यातल्या डार्टने तेच तर करतेय!

फक्त बटण खाली नेलं की रोल लाइन बदलते. म्हणजे टेप काढा, डाव्या लॅपलचा टाका न् टाका उसवा. उजवी अजून कच्च्या धाग्यावर आहे; तिच्यावरच खडूने नवी रेष आखून आरशात बघते.